कागदाआधीचं बोलणं

मे २०२४ मध्ये पर्वरीत, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं वैद्यकीय इच्छापत्र नोंदवलं. गोव्यातलं ते पहिलं. बरा न होणारा आजार जडला तर कोणते उपचार नकोत, हे शुद्धीत असतानाच लिहून ठेवायचं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये हा हक्क मान्य केला, २०२३ मध्ये पद्धत सोपी केली. पण कागदाआधी घरात बोलणं व्हावं लागतं आणि घोडं तिथंच अडतं. ‘बाबांना काही सांगू नका’ असं डॉक्टरांना बाजूला घेऊन सांगणारी मुलं मायेपोटीच सांगतात. बाबांना बहुधा सगळं कळलेलं असतं. ते एकटेच गिळत राहतात.

या एकटेपणाची दखल वैद्यकानं उशिरा घेतली. सिसिली साँडर्स आधी नर्स, मग रुग्णालयात समाजसेविका, १९५७ मध्ये डॉक्टर. अखेरच्या आजारातलं दुखणं शरीर, मन, घरची काळजी आणि श्रद्धा यांत गुंतलेलं असतं, असं त्यांनी मांडलं. १९६७ मध्ये त्यांनी लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या आजारातल्या रुग्णांची काळजी घेणारं केंद्र, सुरू केलं, तेव्हा रुग्णाचं ऐकून घेणं हा उपचाराचाच भाग ठरला.

भारतात १९८६ मध्ये मुंबईत शांती आवेदना आश्रम हे असंच हॉस्पिस निघालं. पुढं त्याच संस्थेचं केंद्र गोव्यात लोटलीला आलं. पण १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातल्या परवान्यांच्या जंजाळामुळं अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन हे तीव्र वेदनेवरचं औषध ठेवणंच सोडलं होतं. तो कायदा शिथिल व्हायला २०१४ उजाडलं. वेदनेनं तळमळणाऱ्याशी मनातलं काय बोलणार? मनाचा प्रश्न मागं पडला तो असा.

गोव्यात मनाचं काम वेगळ्याच वाटेनं वाढलं, आणि मला तीच वाट मोलाची वाटते. १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेनं मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या माणसांना समुपदेशन शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत बसवलं. तीव्र नैराश्यात त्याचा गुण येतो, हे गोव्यातल्याच चाचणीतून दिसलं. निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. सत्तरी तालुक्यातल्या एखाद्या घरी नवरा आखातात आणि सून एकटी आजारी सासऱ्यांचं सगळं करत असेल, तर तिला कोकणीतून विचारपूस करणारं, गावाजवळचंच कुणी हवं.

अशा आजारात वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या (पॅलिएटिव्ह केअर) जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ च्या व्याख्येत रुग्ण गेल्यानंतर घरच्यांना दिलेला आधारही उपचारांत धरला आहे. आपल्याकडं तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं असतं. खरी गरज त्यानंतरच्या महिन्यांत असते, आणि तिथं त्या सुनेला अजून बहुतेक शेजारणींचाच आधार आहे.