साध्या ॲपसाठी प्रोग्रॅमिंग साधनांची निवड

हिशेबवही, सभासदांची यादी, वाचनालयातली देवघेव, शिकवणीची हजेरी अशा कामांसाठी मोबाइलवर किंवा संगणकावर चालणारे छोटे ॲप बनवताना भाषा, पडदा रचण्याचे साहित्य आणि माहिती साठवण्याची सोय ठरवणे. ‘साधे’ म्हणजे एक-दोघांनी लिहिलेले, मोजके पडदे असलेले आणि माहिती बहुधा त्याच यंत्रावर ठेवणारे. वाद भाषेवरून रंगतात. निवड मात्र ठरते ती ॲप कुठे चालवायचे, लोकांपर्यंत कसे पोहोचवायचे आणि पाच वर्षांनी त्याची दुरुस्ती कोण करणार यावर.

मायक्रोसॉफ्टने १९९१ मध्ये आणलेल्या व्हिज्युअल बेसिकने हे काम हौशी माणसाच्या आवाक्यात आणले. बटण उचलून खिडकीवर ठेवायचे, त्यावर दोनदा क्लिक करायचे आणि उघडलेल्या जागेत चार ओळी लिहायच्या, एवढ्यावर चालणारा प्रोग्रॅम तयार होई. १९९८ ची सहावी आवृत्ती सर्वाधिक रुजली. तिच्या विकास-साधनाचा आधार मायक्रोसॉफ्टने २००८ मध्ये थांबवला, तरी तिच्यात लिहिलेले प्रोग्रॅम आजच्या विंडोजवरही चालतात. मराठी वापरकर्त्यांना तिची एक अडचण मात्र चांगलीच भोवली. तिच्या मूळ चौकटींना युनिकोड, म्हणजे सर्व लिप्यांतल्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारी पद्धत, कळत नसे. मराठी दाखवायचे तर श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टचा आधार घ्यावा लागे. पडद्यावर नाव सुबक दिसे, पण साठवले जाई ते रोमन अक्षरे आणि चिन्हांचे कडबोळे. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर ती यादी वाचता येत नाही आणि कन्व्हर्टरमधून काढल्याशिवाय नव्या ॲपमध्येही नेता येत नाही.

याच वळणाचे, पण आजही जिवंत असलेले साधन म्हणजे लाझारस. बोर्लंड कंपनीच्या डेल्फी या साधनाने (१९९५) घालून दिलेली पद्धत ते पास्कल भाषेच्या फ्री पास्कल या कंपायलरच्या जोरावर विंडोज, लिनक्स आणि मॅकवर मोफत देते. विंडोजवर बहुतेक वेळा एकच एक्झी, म्हणजे थेट चालणारी, फाइल हाती पडते. ती पेन ड्राइव्हवरून दुसऱ्या संगणकावर नेली की काम झाले. दुकानातल्या संगणकासाठी याहून सुटसुटीत पर्याय थोडे, पण पास्कल म्हटले की तरुण नाक मुरडतात.

पायथन भाषा येत असेल तर पडदा रचण्यासाठी टीकिंटर हे साहित्य जवळचे पडते, कारण विंडोजवर पायथनसोबतच ते येते. दिसायला जुनाट, शिकायला सोपे. अधिक नेटके रूप हवे असेल तर क्यूटी हे दुसरे साहित्य. पायथनमधून ते पायसाइड किंवा पायक्यूटीमार्गे वापरता येते. दोन्ही सारखीच दिसतात, परवाने मात्र वेगळे: पायक्यूटी जीपीएल (ॲप वाटताना त्याचा कोडही खुला ठेवायला लावणारा परवाना) किंवा विकतच्या परवान्यावर मिळते, तर पायसाइड एलजीपीएल या त्याहून सैल परवान्यावरही मिळते. ॲप विकायचे असेल तर हा फरक आधी वाचावा. वेबची सवय असलेले, वेबपानाच्याच तंत्राने ॲप बनवू देणाऱ्या इलेक्ट्रॉनकडे वळतात. त्यात प्रत्येक ॲपबरोबर क्रोमियम ब्राउझर बांधून येतो, म्हणून साध्या नोंदवहीचाही आकार सहज शंभर एमबीपुढे जातो. टॉरी हे याच जातीचे साधन यंत्रावर आधीच असलेले वेब-दर्शक वापरते, त्यामुळे तिथे ॲप पुष्कळ लहान राहते. ॲपची पडद्यामागची बाजू मात्र रस्ट भाषेत असते.

मोबाइलवर चित्र वेगळे. फक्त अँड्रॉइड हवे असेल तर कोटलिन भाषा हा सरळ रस्ता. गूगलने २०१७ मध्ये तिला अधिकृत स्थान दिले. आयफोनसाठी स्विफ्ट भाषा, आणि तिथे मॅक लागतोच. एकाच लिखाणातून दोन्हीकडे जायचे तर फ्लटर किंवा रिॲक्ट नेटिव्ह ही साधने. फ्लटर पडद्यावरची बटणे स्वतःच रंगवते, तर रिॲक्ट नेटिव्ह फोनची मूळ बटणे वापरते. फ्लटरमधून विंडोज, मॅक आणि लिनक्सचे ॲपही निघते. कोड लिहायचाच नसेल, तर एमआयटीचे ॲप इन्व्हेंटर आहे. ठोकळे जुळवून त्यात चालते ॲप बनते आणि शाळकरी मुलांना ते जमते. पडदे वाढले की ठोकळ्यांचा गुंता होतो, हेही खरे. कित्येकदा या कशाचीच गरज नसते: फोनच्या पडद्यावर चिकटवता येणारे, इंटरनेट नसतानाही उघडणारे वेबपान पुरते.

कोणतेही साधन पक्के करण्याआधी मराठी लेखकाने त्यात एक ओळ टाकून पाहावी: ‘दुसऱ्या किल्ल्याच्या पायथ्याशी श्रीक्षेत्र’. ऱ्हस्व वेलांटी ‘क’च्या अलीकडे येते का, ‘ल्ल्या’ जुळते का, ‘ऱ्या’ तुटत नाही ना, हे लगेच कळते. अक्षरे जुळवण्याचे काम हार्फबझसारखी लायब्ररी (तयार कोडचा संच) करते. फ्लटर आणि क्यूटीमध्ये ती सोय आहे. लिनक्सवरचे टीकिंटर आणि मूळ मांडणीतले किवी (पायथनचेच आणखी एक पडदा रचण्याचे साहित्य) इथे अडखळतात. ब्राउझरवर आधारलेली साधने या कसोटीला सहसा उतरतात.

माहिती साठवण्यासाठी बहुतेक वेळा एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस पुरेसा असतो. सारी माहिती एकाच फाइलमध्ये, सर्व्हर नको, आणि वर उल्लेखलेल्या जवळपास प्रत्येक भाषेतून ती वाचता येते. २०५० पर्यंत आधार देण्याचा एसक्यूलाइटच्या कर्त्यांचा मानस आहे. तेवढे आयुष्य यातल्या किती साधनांना लाभेल, कोण जाणे. उद्या फ्लटर सोडून दुसरीकडे जायचे ठरले, तरी फाइल तशीच उचलता येते.

वितरणाचा खर्च भाषा निवडतानाच पाहावा. ॲपलच्या विकासक-सदस्यत्वाला वर्षाला ९९ डॉलर पडतात, तर गूगल प्लेला एकदाच २५. प्लेवर नवे वैयक्तिक खाते काढणाऱ्याला ॲप सर्वांसाठी खुले करण्याआधी १२ जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. विंडोजवर एक्झी कुणालाही पाठवता येते, पण तिच्यावर डिजिटल सही नसेल तर उघडताना इशाऱ्याची खिडकी येते आणि ॲप घेणारा आधी फोन करून विचारतो, व्हायरस तर नाही ना?