न पेरलेल्या ढगांचं मोल

दुष्काळ पडला की कृत्रिम पावसाची मागणी होते. महाराष्ट्रात २००३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये त्यासाठी, ढगांत रसायनांचे कण फवारायला (यालाच ढगांची पेरणी म्हणतात), विमानं उडाली. काही ठिकाणी पाऊस झालाही. पण तो फवारणीमुळे पडला, की तसाही पडणारच होता? एकच ढग एकदा फवारून आणि एकदा न फवारता तपासता येत नाही, अडचण तिथेच आहे.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूर परिसरात याच प्रश्नाला हात घातला. सोलापूर सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतं. तिथे ढग भरून येतात आणि बरेचदा न बरसताच पुढे सरकतात. ढगातला जलकण असतो साधारण मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा. पावसाचा एक टपोरा थेंब व्हायला असे सुमारे दहा लाख कण एकत्र यावे लागतात. सगळे कण सारखेच बारीक असले तर ते सारख्याच संथ गतीने तरंगतात, एकमेकांवर आदळत नाहीत, आणि पाऊस अडून राहतो. हवेत धूळ-धूर जास्त असेल तर तेच पाणी आणखी बारीक कणांत वाटलं जातं.

म्हणून विमान ढगाच्या तळाशी, वर चढणाऱ्या हवेच्या झोतात जातं आणि पंखांना लावलेल्या नळकांड्या पेटवतं. धुरातून कॅल्शियम क्लोराइडचे कण बाहेर पडतात. ते ओल भराभर शोषून घेतात आणि त्यांच्याभोवती मोठे जलकण तयार होतात. हे मोठे कण वेगाने खाली येताना लहानांना सामावून घेत जातात.

मला या प्रयोगात सर्वांत मोलाची वाटते ती निवड. नव्या औषधाच्या चाचणीत काही रुग्णांना औषध देतात, काहींना देत नाहीत. इथेही २७६ ढगांपैकी कुणावर फवारणी करायची आणि कुणाला तसंच सोडायचं, हे यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठी टाकावी तसं, ठरवलं गेलं. मग रडार आणि पर्जन्यमापकांच्या नोंदींवरून दोन्ही गटांची तुलना झाली. वाऱ्याच्या दिशेने काही ठिकाणी ४६ टक्क्यांपर्यंत जास्त पाऊस मिळाला. १०० चौरस किलोमीटर क्षेत्राचा हिशेब धरला तर वाढ सुमारे १८ टक्के.

मला यातला १८ चा आकडा जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण शेत आणि तलाव क्षेत्रावरच्या पावसाने भरतात. शिवाय ही वाढ योग्य ढग असतील तेव्हाचीच आहे. पावसाचा मोठा खंड पडून आभाळ निरभ्र झालं असेल, तर या नळकांड्यांचा काही उपयोग नाही.