पिच्चरने ५०० कोटी कमावले म्हणजे स्टुडिओला ५०० कोटी मिळाले का?

हा मेसेज दर मोठ्या रिलीजला फिरतो: "बजेट ३०० कोटी, कमाई ५००, म्हणजे स्टुडिओला २०० कोटी निव्वळ नफा!" हेडलाईनच तशी असते, त्यामुळे असं वाटणं साहजिक आहे, पण तो आकडा तिकीटखिडकीचा असतो, स्टुडिओच्या खात्यातला नाही.

तुमचंच तिकीट घ्या. २३६ रुपयांचं असेल तर त्यात २०० मूळ किंमत आणि ३६ जीएसटी (१०० च्या वरच्या तिकिटाला १८ टक्के), तो सरकारकडे गेला. उरलेल्या २०० पैकी मल्टिप्लेक्समध्ये पहिल्या आठवड्यात साधारण निम्मे थिएटरवाला ठेवतो, नंतरच्या आठवड्यांत त्याचा वाटा अजून वाढतो, म्हणजे पुढे सरकले जेमतेम १००, आणि वितरक वेगळा असेल तर त्यातून त्याचंही कमिशन. (बुकिंग ॲपची कन्व्हिनियन्स फी तर कलेक्शनमध्ये धरतच नाहीत.) शिवाय जाहिरातीचा खर्च बजेटच्या आकड्यात अनेकदा नसतोच, हॉलिवूडच्या मोठ्या स्टुडिओंचंही तसंच, म्हणून तिकडे बजेटच्या दोन-अडीचपट गल्ला झाला तरच थिएटरमधून खर्च निघाला असं ढोबळमानाने धरतात.

पण उलटंही होतं बरं का, ओटीटी, सॅटेलाईट (म्हणजे टीव्हीवर दाखवायचे), म्युझिकचे हक्क यांचे पैसे या ५०० मध्ये नसतात, त्यामुळे थिएटरात आपटलेला पिच्चरही कधीकधी तरून जातो.

पडताळायचं असेल तर बुकिंगच्या बिलातला जीएसटी बघा, आणि बातमीत 'ग्रॉस' लिहिलंय की 'नेट' ते. नेट म्हणजे फक्त टॅक्स वजा, थिएटरचा वाटा त्यात अजून आहेच.