एका बोल्टासाठी गाडी दोन दिवस? दाराच्या जाम बिजागऱ्या आणि न सुटणाऱ्या बोल्टांबद्दल

"एक बोल्टच तं हाय ना भाऊ, त्याले दोन दिवस कायले लागते?" हे आम्हाला नेहमी ऐकावं लागतं, आणि विचारणाऱ्याचं चुकत नाही. हंगामात गाडी गॅरेजला अडकली की मजूर, खत, फवारणी सगळंच खोळंबतं. थार, बोलेरो, जिप्सी किंवा जुनी कमांडर आमच्याकडे आणणाऱ्यांनी हे पत्रक एकदा वाचून घ्यावं.

दार जाम का होतं

बिजागरीला दोन पानं असतात. एक दाराला, दुसरं पिलरला (दार ज्याला टांगलेलं असतं तो गाडीचा उभा खांब), आणि दोन्हींतून पिन गेलेली. थारच्या आणि जुन्या जीपच्या बिजागऱ्या बाहेरच असल्यानं सगळा पाऊस त्यांच्यावर. त्यात पांदणीतली काळी माती सांध्यात जाऊन बसते. ही माती वरून वाळली तरी आत ओल धरून ठेवते. पिन आणि बुश (पिन ज्यात फिरते ती नळी) यांच्यात जागा मुळातच नावाला. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते, त्यामुळे तो फुगला की पिन आवळली जाते.

वरुड-मोर्शीकडच्या संत्रा बागायतदारांच्या गाड्यांना आणखी एक दुखणं असतं: मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो, म्हणजे झाडांवर फवारायचं बुरशीनाशक, तयार झालं की आपण त्यात विळा बुडवून पाहतो. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला, हे बगीचावाल्याला सांगायला नको. तो थर म्हणजे थोडं लोखंड विरघळून त्याच्या जागी बसलेलं तांबं. मोरचुदाचं पाणी गाडीत सांडलं की मागच्या दाराच्या बोल्टांवर हेच होतं, आणि तांबं चिकटलं की भोवतालचं लोखंड आणखी झपाट्यानं गंजतं. मोरचुदाचा ड्रम कोणत्या बाजूला ठेवत होतात, हे बऱ्याचदा मालकाला न विचारताच आम्हाला बिजागरीवरून समजतं. फाटक्या पोत्यातून सांडलेला युरियाही कमी नाही. तो हवेतला ओलावा ओढून घेतो.

जोर लावू नका

दार जड झालं, कुरकुरायला लागलं, तर खांद्यानं ढकलून उघडू नका. पिन पोलादाची, पिलरचा पत्रा पातळ. पिन हलत नाही, बोल्टाभोवतीचा पत्रा मात्र तडकतो. मग तेलानं भागणारं काम वेल्डिंग, डेंटिंग आणि रंगापर्यंत जातं.

बोल्टाचंही तसंच. पान्याला पाइप अडकवून लटकलं की डोकं तुटून हातात येतं आणि दांडी आतच राहते. खरं सांगायचं तर कधीच हात न लागलेला गंजका बोल्ट आम्हाला परवडतो. फिक्स पान्यानं कोपरे गेलेला, वर छिन्नीचे घाव बसलेला बोल्ट सगळ्यात जास्त वेळ खातो.

घरी करता येण्यासारखं

आधी तारेच्या ब्रशनं माती आणि सुटा गंज काढा. मातीच्या थरावर मारलेलं तेल मातीच पिते. मग पेनिट्रेटिंग ऑइल, म्हणजे सांध्यात मुरणारं पातळ तेल मारा, सकाळी आणि संध्याकाळी, निदान एक रात्र मुरू द्या. डब्ल्यूडी-40 बहुतेकांच्या घरी असतं. ते 1953 मध्ये पाणी हटवण्यासाठी बनवलं गेलं, नावातला "डब्ल्यूडी" म्हणजे वॉटर डिस्प्लेसमेंट, त्याचाच. हलक्या गंजाला ते चालतं, पक्क्या जाम बोल्टाला मुरणारं तेलच बरं. डिझेलही मुरतं, पण सावकाश. इंजिनातून काढलेलं काळं ऑइल मात्र लावू नका. ते जाड असतं, आट्यांत शिरत नाही.

तेल मुरलं की बोल्टाच्या डोक्यावर हातोडीनं सरळ, हलके ठोके द्या. सहा कोनी गोटी (सॉकेट) किंवा नेमका बसणारा रिंग पाना घ्या. आधी बोल्ट किंचित आवळायच्या दिशेनं हलवून पाहा, मग सोडा. थोडा फिरला की परत मागे न्या, पुन्हा तेल, पुन्हा पुढे. एका दमात काढायला गेलात तर आटे जातात. हललाच नाही तर तिथेच थांबा आणि गाडी घेऊन या.

आमच्याकडे दोन दिवस कुठे जातात

पहिली रात्र तेल मुरण्यात जाते. सकाळी इम्पॅक्ट ड्रायव्हर (झटके देत बोल्ट फिरवणारं हत्यार), आणि त्यानंही नाही ऐकलं तर गॅसची आच. 8 मिमीचं छिद्र 200 अंशांनी तापवलं तरी जेमतेम 0.02 मिमी मोठं होतं, पण गंजाचा थर फुटायला तेवढं पुरतं. बोल्ट गरम असतानाच त्याला मेणबत्ती टेकवतो. मेण वितळून आपोआप आट्यांत ओढलं जातं आणि पुढच्या वेढ्याला बोल्ट गुमान फिरतो. आच देण्याआधी रबर, अस्तर, वायरिंग बाजूला करावं लागतं. वेल्डिंग असेल तर बॅटरीही सोडतो. वेळ यात जातो.

दार सोडताना बिजागरीभोवती खूण करतो, दाराखाली पोत्यानं गुंडाळलेला जॅक देतो आणि एका वेळी एकच बिजागरी काढतो. नाहीतर दार परत जागेवर बसवण्यातच दिवस जातो. दांडी तुटलीच तर तिच्यावर नट वेल्ड करून फिरवतो. तेही नाही जमलं तर बरोबर मधोमध ड्रिल. बऱ्याच गाड्यांत पिलरच्या आतली आट्यांची पट्टी सैल असते. ती आत घसरली तर अस्तर खोलावं लागतं.

मजुरी बोल्टाच्या संख्येवर नसते, लागलेल्या वेळावर असते. आच देण्याआधी किंवा ड्रिल लावण्याआधी तुम्हाला फोन येईल. तुम्ही हो म्हटल्याशिवाय पुढचं काम होत नाही.

परत बसवताना

काढलेले बोल्ट आम्ही पुन्हा वापरत नाही. नवीन बोल्टाच्या डोक्यावर 8.8 असा आकडा पाहून घ्या. त्यातला पहिला 8 म्हणजे दर चौरस मिमीला 800 न्यूटनचा ताण सोसायची ताकद. हार्डवेअरच्या दुकानातला बिनआकड्याचा बोल्ट कुंपणाला ठीक, दाराला नको. चकचकीत स्टेनलेस बोल्टाचा आग्रहही धरू नका. साध्या पत्र्यात तो बसवला की ओल लागताच शेजारचा पत्रा गंजतो. आट्यांना आम्ही अँटी-सीझ पेस्ट, म्हणजे बोल्ट पुन्हा जाम होऊ न देणारा लेप लावतो. पिनेला मात्र पातळ तेलच. जाड ग्रीसला रस्त्याची धूळ चिकटते आणि ती पिन घासून काढते.

हे काम मृगाच्या आधी, मे महिन्यातच उरकलेलं बरं. पावसाची पहिली सर आली की गॅरेजसमोर रांग लागते आणि दोन दिवसांचे चार होतात. गाडी आणताना मागचे ड्रम, औषधाचे डबे आणि डिझेलचे कॅन घरी उतरवून या. आच लावायच्या वेळी ते गाडीत असलेले चालत नाहीत.