डीएनए ओळखचाचणीची पडताळणी

गुन्ह्याच्या तपासात किंवा बेवारस मृतदेहाची ओळख पटवताना वापरायची डीएनए पद्धत कोणत्या नमुन्यांवर भरवशाची आहे आणि कुठे घसरते, हे खरे प्रकरण हाती घेण्याआधी प्रयोगांनी ठरवणे म्हणजे पडताळणी. तिचे दोन टप्पे असतात. विकासकालीन पडताळणी पद्धत वा किट तयार करणारे करतात. अंतर्गत पडताळणी मात्र प्रत्येक प्रयोगशाळेने स्वतःच्या यंत्रांवर, स्वतःच्या माणसांकडून करायची असते. हा दुसरा टप्पा पुष्कळदा कागदी सोपस्कार मानला जातो. मराठवाड्यातून येणारा मुद्देमाल पाहिला तर खरी परीक्षा तिथेच आहे.

ॲलेक जेफ्रीज यांनी 1984 मध्ये इंग्लंडमध्ये डीएनए ठशांची पद्धत शोधली. न्यायालयांनी ती सुरुवातीला जवळजवळ डोळे मिटून स्वीकारली. 1989 मध्ये न्यूयॉर्कच्या कॅस्ट्रो खटल्यात प्रयोगशाळेच्या कामातील ढिलाई उघड झाली आणि नमुने जुळल्याचा पुरावा नाकारला गेला. त्याच वर्षी अमेरिकेत गुणवत्तेची पहिली मार्गदर्शक तत्त्वे आली.

आज चाचणी होते ती एसटीआर, म्हणजे डीएनएमधील छोट्या पुनरावृत्त तुकड्यांवर. वीसेक ठिकाणचे तुकडे पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या असंख्य प्रती काढणाऱ्या रासायनिक क्रियेने, वाढवून त्यांची लांबी मोजतात; प्रत्येक तुकडा आलेखात शिखर म्हणून दिसतो. मानवी पेशीत डीएनए असतो सुमारे 6 पिकोग्रॅम. म्हणजे 100 पिकोग्रॅमचा नमुना सोळा-सतरा पेशींचाच झाला. इतक्या कमी डीएनएवर आईकडून वा वडिलांकडून आलेला एखादा ॲलील, म्हणजे त्या तुकड्याचे एक रूप, आलेखात उमटतच नाही आणि माणूस त्या जागी समयुग्मी, म्हणजे दोघांकडून एकच रूप मिळालेला, भासतो. शिवाय खऱ्या शिखराच्या अलीकडे एका पुनरावृत्तीने लहान असे खोटे शिखर उमटते. दोघांचे रक्त मिसळले असेल, तर ते शिखर दुसऱ्या माणसाचे की चाचणीतूनच उपजलेले, हा प्रश्न उभा राहतो. म्हणून ज्ञात नमुने पातळ करत, ठरावीक प्रमाणात मिसळत, निरनिराळ्या तंत्रज्ञांकडून पुन्हा पुन्हा तपासतात आणि किती उंचीच्या खालचे शिखर वाचायचे नाही, हे ठरवतात. ही मर्यादा दुसऱ्या प्रयोगशाळेकडून उसनी घेता येत नाही.

मातीतल्या ह्युमिक आम्लाने पीसीआर अडतो, जीन्सच्या निळीनेही. काळ्या मातीने माखलेले कपडे, विहिरीतून काढलेला मृतदेह, चाळीस अंशांवरच्या उन्हात शेतात पडून राहिलेली हाडे, अशा मुद्देमालात डीएनए तुटलेला असतो आणि लांब तुकडे आधी हरवतात. स्वच्छ रक्तावर उत्तम चाललेले किट अशा हाडावर अर्धेच उत्तर देते. तेव्हा पडताळणीच्या नमुन्यांत इथली माती, इथली हाडे आणि दात हवेतच.

दुसरी अडचण आकडेमोडीची. नमुना जुळला तर तसा नमुना लोकसंख्येत किती दुर्मीळ, हे ॲलीलांच्या वारंवारतेवरून काढतात. पण मराठवाड्यात बहुतेक लग्ने जातीतच होतात आणि अनेक समाजांत मामाची मुलगी करण्याची रीत आहे. अशा गटांत समान ॲलील अपेक्षेपेक्षा जास्त भेटतात. त्यासाठी सूत्रात थीटा ही दुरुस्ती घालतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने 1996 मध्ये साधारण लोकसंख्येसाठी 0.01 आणि लहान, अलग गटांसाठी 0.03 सुचवली होती. ते आकडे इथे जसेच्या तसे घेण्यापेक्षा इथल्या समाजांची माहिती जमवलेली बरी. सख्खा भाऊ किंवा मामेभाऊ संशयित असेल, तर गणितच निराळे.

राज्याच्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा संचालनालयाचे मुख्यालय मुंबईत कालिना येथे असून मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड येथे प्रादेशिक प्रयोगशाळा आहेत. छत्रपती संभाजीनगरात शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्थाही आहे. प्रयोगशाळांना एनएबीएल या राष्ट्रीय मान्यता मंडळाची मान्यता मिळते ती आयएसओ/आयईसी 17025 या मानकानुसार. मान्यता असली म्हणजे प्रत्येक प्रकरणातले काम बिनचूक, असे मात्र नव्हे.

डीएनए नियमनाचे 2019 चे विधेयक 2023 मध्ये मागे घेतले गेले, त्यामुळे वेगळा कायदा नाही. अहवाल तज्ज्ञाचे मत म्हणून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 39 खाली येतो. दिल्लीच्या छावला बलात्कार आणि खून प्रकरणात 2022 मध्ये आरोपींना निर्दोष सोडताना सर्वोच्च न्यायालयाने नमूद केले, की डीएनए अहवालातील निष्कर्षांचा आधार आणि तज्ज्ञाने तंत्र विश्वासार्हपणे वापरले का, हे खालच्या दोन्ही न्यायालयांनी तपासले नव्हते. उलटतपासणीत पडताळणीची नोंदवही मागवायला वकिलांना हा आधार पुरेसा आहे.