ट्रॉम्बोनच्या सांध्यावरची एका मिलिमीटरची पायरी

बाख 42 आणि कॉन 88एच हे पाश्चात्त्य वाद्यवृंदांत सर्रास दिसणारे दोन अमेरिकी ट्रॉम्बोन, म्हणजे पितळी फुंकवाद्ये. पुढे-मागे सरकवून स्वर बदलणारी दुहेरी नळी म्हणजे स्लाइड, आणि टोकाला कर्ण्यासारखा फुलत जाणारा भाग म्हणजे बेल. दोघांच्या स्लाइडचा आतला व्यास सारखाच, 0.547 इंच, म्हणजे 13.89 मिलिमीटर असतो. साहजिकच एकाची स्लाइड दुसऱ्याच्या बेलला जोडून दोघांचेही गुण पदरात पाडून घ्यावेत, असे अनेक वादकांना वाटते. व्यास जुळला की भाग जुळले, हा समज मात्र पहिल्याच प्रयत्नात अडखळतो, कारण स्लाइडचे निमुळते टोक बेलच्या ज्या तोंडात बसते त्याचा उतार आणि वरच्या नटाचे आटे दोन्ही कंपन्यांचे वेगळे आहेत. कुशल कारागीर ते टोक बदलून देतो आणि जोडणीचा प्रश्न मिटतो. ध्वनीचा प्रश्न त्यानंतर सुरू होतो, आणि व्यासच वेगळे असतील तर तो अधिकच रंगतो.

टेनर ट्रॉम्बोन म्हणजे सुमारे पावणेतीन मीटर लांबीची नळी. वादकाच्या ओठांकडची बाजू बंद टोकासारखी वागते. शाळेत शिकल्याप्रमाणे अशा सरळ नळीचे अनुनाद (ज्या वारंवारतांना नळीतली हवा आपसूक जोरात कंप पावते त्या) 31, 94, 156, 218 हर्ट्झ असे विषम पटींत यायला हवेत. प्रत्यक्षात वादक 58, 117, 175, 233 हर्ट्झ अशी नीटस रांग वाजवतो. ही किमया बेलची आणि माउथपीसची, म्हणजे ओठांना लावायच्या वाटीसारख्या तोंडाची. कमी वारंवारतेचे तरंग बेलच्या फुगवट्यात लवकर मागे वळतात, उंच वारंवारतेचे अधिक खोल जाऊन वळतात. त्यामुळे खालच्या स्वरांना नळी आखूड भासते आणि त्यांचे अनुनाद अधिक वर सरकतात, तर माउथपीस वरच्या अनुनादांना थोडे खाली ओढतो. (सर्वांत खालचा अनुनाद या रांगेत बसतच नाही, तरीही 58 हर्ट्झचा स्वर वाजतो, कारण वरचे अनुनाद एकजुटीने त्याला धरून ठेवतात. ध्वनिशास्त्रातल्या माझ्या अत्यंत आवडत्या गोष्टींपैकी ही एक आहे.)

आता किंग 3बी या आणखी एका ट्रॉम्बोनची 0.508 इंच, म्हणजे 12.90 मिलिमीटर व्यासाची स्लाइड 0.547 इंचाच्या बेलला जोडली, असे समजू. सांध्यावर व्यासात जेमतेम एका मिलिमीटरची पायरी तयार होते, पण छेदाचे क्षेत्रफळ एकदम सुमारे 16 टक्क्यांनी वाढते. तरंगाला ही वाढ जाणवते आणि त्याच्या दाबाचा सुमारे 7 टक्के भाग तिथूनच परत फिरतो. ऊर्जेच्या हिशेबात हे अर्ध्या टक्क्याच्या आसपास असल्याने आवाज क्षीण होत नाही. खरा परिणाम स्वराच्या उंचीवर होतो.

वाजणाऱ्या नळीत स्थिर तरंग असतो: काही ठिकाणी दाब सर्वाधिक हेलकावे खातो, काही ठिकाणी तो जवळजवळ हलतच नाही. पायरी नेमकी यांपैकी एखाद्या ठिकाणी आली, तर अनुनाद जागचा हलत नाही. ती दोहोंच्या मध्ये आली, तर अनुनाद वर किंवा खाली सरकतो, आणि कोणत्या दिशेने ते पायरी कोणत्या बाजूला आहे यावर ठरते. साध्या नळीचे गणित मांडले तर वरील उदाहरणात 117 हर्ट्झच्या अनुनादाचे सरकणे फार तर 20 सेंटपर्यंत जाते (अर्धस्वराचे 100 सेंट होतात), आणि त्याहून दोन सप्तके वरच्या अनुनादाचे जेमतेम 5 सेंट. शिवाय स्लाइड बाहेर ओढली की स्वर उतरतो, तरंगलांबी वाढते आणि जागचा न हललेला सांधा तरंगाच्या वेगळ्याच भागात येतो. म्हणून तीच जोडी पहिल्या स्थानावर (स्लाइड पूर्ण आत) सुरेल आणि चौथ्यावर (ती बरीच बाहेर) हट्टी ठरू शकते. दोन-चार स्वर फुंकून ‘आवाज उघडला’ असा निकाल देणाऱ्यांनी स्लाइडची सातही स्थाने वाजवून पाहावीत.

एकूण लांबीतला फरक त्यामानाने साधा आहे. ट्यूनिंग स्लाइड (वाद्य सुरात लावण्यासाठी सरकवायची वेगळी वळणदार नळी) एक सेंटिमीटर ओढली की दोन्ही बाजू मिळून नळी दोन सेंटिमीटरने वाढते आणि वाद्य सुमारे 12 ते 13 सेंटने उतरते. मात्र जोडलेले भाग आधीच लांब पडत असतील, तर ट्यूनिंग स्लाइड पूर्ण आत ढकलूनही वाद्य उतरलेलेच राहते.

बेलला सोन्याचा मुलामा दिल्याने किंवा ती द्रवरूप नायट्रोजनमध्ये गोठवल्याने आवाजाचा कायापालट होतो, अशा जाहिरातींवर पैसे खर्च करण्यापूर्वी सांध्यातली पायरी मोजावी. त्यासाठी व्हर्नियर कॅलिपर पुरतो. बेलच्या पातळ पत्र्याच्या कंपनांचा थोडा परिणाम मोजला गेला आहे, पण नळीच्या आतल्या आकारापुढे तो फारच लहान आहे.

पायरी म्हणजे दोषच, असे मात्र नाही. दोन समांतर नळ्यांपैकी एकीचा व्यास 0.547 आणि दुसरीचा 0.562 इंच असलेल्या स्लाइड मुद्दाम बनवल्या जातात, आणि एडवर्ड्स व शायर्स यांसारखे अमेरिकी निर्माते स्लाइड, बेल व ट्यूनिंग स्लाइड निवडून जोडता येतील अशीच वाद्ये विकतात. त्यांच्याकडे ही अदलाबदल सोपी ठरते, कारण सांध्याचा उतार आणि आटे त्यांनी आधीच एकसारखे ठेवलेले असतात.