ल्युटीनच्या गोळीने चष्मा सुटतो का?

"ल्युटीनची गोळी रोज घ्या, चष्मा सुटेल, मोतीबिंदूही टळेल," हा निरोप वर्षानुवर्षं फिरतोय. ल्युटीन म्हणजे पालेभाज्यांतलं एक पिवळं रंगद्रव्य. नंबर मुख्यतः ठरतो तो डोळ्याच्या लांबीवर आणि बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या गोलाईवर. गोळीने यातलं काहीच बदलत नाही. जुना-नवा नंबर ताडून पाहा.

निरोप अगदीच हवेतून आलेला नाही म्हणा. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत (२००१) क आणि ई जीवनसत्त्व, बीटा कॅरोटीन (गाजरातलं नारिंगी रंगद्रव्य) व जस्त यांच्या भरपूर मात्रेने, दृष्टिपटलाची उतारवयातली झीज मध्यम टप्प्यावर असलेल्यांत ती बळावण्याचा धोका ५ वर्षांत सुमारे २५ टक्क्यांनी घटला. मोतीबिंदूवर मात्र परिणाम शून्य. बीटा कॅरोटीन विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या फुप्फुसांना घातक, म्हणून २०१३च्या चाचणीनंतर त्याजागी १० मिलिग्रॅम ल्युटीन आणि त्याच्याच जातीचं २ मिलिग्रॅम झिॲक्झँथिन आलं. घरातल्या डबीवर हे आकडे शोधा.